वाकडं घर : चेशायरमधला लिटल मोर्टन हॉल

कढीलिंब (धागाकर्ती)

आम्ही स्टोक-ऑन-ट्रेंटला राहतो. भारतातून कुणी आलं की लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, आता काय, हा खल इथल्या प्रत्येक मराठी घरात होतो. या वेळी सासूसासरे आले. सासरे निवृत्त तलाठी. दोन राजवाडे बघून झाल्यावर म्हणाले, "हे सोन्याचे पलंग पुरे झाले. कुणीतरी खरोखर राहत होतं असं घर दाखव." म्हणून ए-३४ रस्त्याने काँगलटनच्या दिशेला गाडी काढली.

गाडीतून उतरल्या उतरल्या सासूबाई जागच्या जागी थबकल्या. "अगं, हे पडतंय!"

लिटल मोर्टन हॉल पाहिल्यावर असंच वाटतं. चारी बाजूंनी पाण्याचा खंदक आणि त्यातल्या चौकोनी बेटावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घर. दर्शनी बाजू तीन मजली. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, आणि सगळ्यात वर डोक्यावर टोपली घ्यावी तशी खिडक्यांची एक सलग रांग. सरळ रेषा शोधून सापडत नाही. खिडक्यांमध्ये शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले काचेचे तुकडे आहेत, तेही चौकोनी, शंकरपाळी, गोल, त्रिकोणी. सगळे मिळून ३०,००० भरतात.

सासऱ्यांचा पहिला प्रश्न घराबद्दल नव्हताच. "जमीन किती होती?"

तर ऐन भरात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यावर, १,३६० एकर. तीन पाणचक्क्या, त्यातली एक दळणाची. बाकी दोन लोखंडाच्या भट्टीवरचे घण चालवायच्या. हा पैसा आला कसा, तर दुसऱ्यांच्या आपत्तीतून. १३४८ च्या प्लेगने गावंच्या गावं रिकामी केली, तेव्हा मोर्टन मंडळींनी जमिनी स्वस्तात उचलल्या. पुढे आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४१ मध्ये मठ बरखास्त केले, तेव्हा मठांच्या जमिनीतूनही घेतल्या.

घर एका दमात बांधलेलं नाही. १५०४ ते १५०८ च्या सुमारास पहिल्या विल्यम मोर्टनने मुख्य दालन उभं केलं. मग मुलाने, नातवाने सुचेल तशी भर घातली, ती १६१० पर्यंत. मधोमध दगडगोट्यांची फरसबंदी असलेला लहानसा चौक, त्याच्या तीन बाजूंना घर. एकही बाजू दुसरीसारखी नाही. चौकात उभं राहिलं की समोर एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या दोन मोठ्या खिडक्या येतात, आणि त्यांच्यावर लाकडात मजकूर कोरलेला आहे. आधी मालकाचं नाव : १५५९ साली विल्यम मोर्टनने या खिडक्या करवल्या. आणि त्याच्याजवळ, तेवढ्याच ठसठशीतपणे : रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या. 'कार्पेंटर' हा शब्द त्याने चक्क 'कार्पेडर' असा कोरलाय. साडेचारशे वर्षं झाली, शुद्धलेखन तसंच आहे, खिडक्याही तशाच आहेत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी धागा काढला. हे घर टिकलं, ते मालकांकडे पैसे उरले नाहीत म्हणून.

१६४० च्या दशकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. मोर्टन राजाच्या बाजूचे, आणि आसपासचा बहुतेक मुलूख पार्लमेंटच्या. १६४३ मध्ये घर ताब्यात घेऊन तिथे सैनिक उतरवले, तेव्हाच्या विल्यम मोर्टनला कैद झाली. घर परत मिळालं खरं, पण कुटुंब कर्जात बुडालं. सगळीच मिळकत विकायचा प्रयत्न केला, गेले ते जमिनीचे थोडे तुकडे. १६५४ मध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर तीन-चार हजार पौंडांचं कर्ज होतं, आणि तेव्हाचे पौंड म्हणजे काय चीज, हे वेगळं सांगायला नको. १६७० चं दशक संपता संपता कुटुंबाने तिथे राहणंच सोडलं आणि घर शेतकरी कुळांना भाड्याने दिलं.

याच काळात इंग्लंडातले पैसेवाले काय करत होते? आजोबांची लाकडी घरं पाडून विटांची, दगडांची, दोन्हीकडे मोजून सारख्या खिडक्या असलेली नवी घरं बांधत होते. लाकडी घर म्हणजे गावंढळपणा. मोर्टनांकडे पैसा असता तर त्यांनीही हेच केलं असतं. नव्हता, म्हणून सुताराचं नाव राहिलं.

१८४७ पर्यंत बहुतेक घर ओस पडलं होतं. घरातल्या प्रार्थनामंदिरात कोळसा साठवायचे. १८९२ मध्ये ते एलिझाबेथ मोर्टन या जोगिणीकडे वारशाने आलं. तिने प्रार्थनामंदिर नीट केलं. वरच्या लांब दालनाला पोलादी सळया घातल्या आहेत, त्याही बहुधा तिच्याच काळातल्या. १९१२ मध्ये जाताना तिने घर आपल्या नात्यातल्या एका भावाला, डर्बीच्या बिशपला ठेवलं, एका अटीवर : विकायचं नाही. बिशपने सहा पेन्स तिकीट लावून ते लोकांना खुलं केलं. १९३८ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे अशी जुनी घरं जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

सासूबाई शेवटपर्यंत भिंतीला हात न लावता फिरल्या.

चहाबाज

मस्त लिहिलंय. फोटो कुठायत?

कढीलिंब

चढवायला गेले तर आडवे येतात. आणि उभे केले तरी घर वाकडंच दिसतं, त्यामुळे कुठला फोटो नीट चढलाय ते कळत नाही.

सुतारपक्षी

कढीलिंबताई, धागा आवडला. पोटापाण्याचा धंदा इमारतींच्या सांगाड्यांचे हिशेब करण्याचा आहे, म्हणून थोडी भर.

पहिलं म्हणजे लाकूड. ही घरं ओल्या ओकची. ओक वाळला की लोखंडासारखा होतो, हाताच्या हत्यारांना दाद देत नाही. म्हणून तोडला की लगेच कामाला घ्यायचे. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला खाच पाडायची, आरपार भोक आणि त्यात लाकडाची खुंटी. मग वर्षानुवर्षं ते लाकूड जागच्या जागी वाळत जातं, आकसतं, पिळवटतं. सांधे घट्ट होतात आणि घर मात्र मुरडतं. म्हणजे थोडा वाकडेपणा पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतच आलेला असतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

पण मोर्टन हॉलचा वाकडेपणा एवढ्यावर भागत नाही. दक्षिणेकडच्या बाजूवर जे सर्वांत वरचं लांब दालन आहे, सुमारे ६८ फुटांचं, ते मूळ बेतात नसावं. काम सुरू झाल्यावर मालकाच्या मनात आलं. आपल्याकडे नाही का, स्लॅब पडल्यावर 'वर एक खोली काढून द्या ना' म्हणतात! तसंच. आता गंमत बघा. दालनाला सलग खिडक्या, म्हणजे भिंतीला तिरके आधार द्यायला जागाच कमी. आणि छपरावर काय, तर भरड वालुकाश्माच्या फरश्या. पावसात उत्तम, वजनाने भयंकर. उतरत्या छपराचे वासे वरच्या ओझ्याने खालच्या टोकाशी फाकायला बघतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. खालच्या मजल्यांना एवढं वजन सांगितलेलंच नव्हतं, तेही दबले. त्या दालनाची जमीन लाटेसारखी वरखाली आहे ती यामुळे. दोन्हीकडच्या भिंती फाकू नयेत म्हणून आडव्या तुळया घातल्या आहेत. त्यासुद्धा नंतरच्या, बहुधा सतराव्या शतकातल्या. म्हणजे पुढच्याच शतकात कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

मजले पुढे का काढायचे, यावर लोक अजून भांडतात. जागा वाढते, खालच्या भिंतीवर पाऊस कमी येतो, श्रीमंती दिसते, ही नेहमीची कारणं. माझ्या धंद्याचं कारण वेगळं. तुळईचं टोक भिंतीबाहेर काढून त्यावर वरची भिंत उभी केली, की ते टोक खाली दाबलं जातं आणि खोलीतला मधला भाग वर उचलला जातो. जमीन कमी झोकांडते. गणित न शिकलेल्या सुतारांना हे ठाऊक होतं, आणि आम्ही चार वर्षं कॉलेजात घालवली.

वाटसरू_७२

इंग्लंडला असताना अशाच एका घरात (हे नव्हे) वाटाड्याने सांगितलं होतं की या तुळया जुन्या जहाजांच्या आहेत, स्पॅनिश आरमारातल्या. तुळयांवर रिकाम्या खाचा पण दाखवल्या होत्या. इथेही तसंच असेल का?

सुतारपक्षी

ही दंतकथा इंग्लंडातल्या प्रत्येक जुन्या पबमध्ये ऐकायला मिळते. स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून आलं १५८८ ला. मोर्टन हॉलचं मुख्य दालन त्याच्या ऐंशी वर्षं आधीचं. शिवाय काँगलटनपासून समुद्र काही कोसावर नाही. जहाजाचं लाकूड वाकडं, खिळ्यांनी भोकसलेलं, खाऱ्या पाण्यात मुरलेलं. ते तोडून, ओढून इतक्या आत आणण्यापेक्षा शेजारच्या रानातला ओक तोडणं स्वस्त. रिकाम्या खाचा खऱ्या असतात, पण त्या बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या घराच्या किंवा कोठाराच्या. चांगलं लाकूड तेव्हा कुणी टाकत नसे.

आणखी एक बघा, पुढच्या वेळी जाल तेव्हा. अशा घरांत सांध्यांपाशी रोमन आकडे कोरलेले सापडतात. सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवा जुळवायचे, प्रत्येक सांध्याला नंबर घालायचे, मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचे.

चहाबाज

म्हणजे हल्ली खोक्यात येणारं कपाट. फक्त एक स्क्रू कमी पडत नसणार.

रानमेवा

कढीलिंब, त्या काळ्या पट्ट्यांमधला पांढरा भाग कशाचा असतो? आमच्या आजोळी (देवरुखच्या पुढे) कुडाच्या भिंती होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, बांधायच्या आणि दोन्हीकडून शेणमाती थापायची. दिवाळीआधी सगळ्या मुलांना लिंपायला बसवायचे.

कढीलिंब

रानमेवा, तीच! इथल्या अशा लाकडी घरांत खांबांच्या मधल्या चौकटी कुडानेच भरायचे. कारवीच्या जागी हेझलच्या काठ्या किंवा ओकच्या चिरफळ्या, वर माती, शेण आणि पेंढा, कधी जनावरांचे केस. मग चुन्याचा हात. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. शेण म्हटल्यावर घर ओळखीचं झालं.

आणि काळ्या रंगाबद्दल : तो नंतरचा बरं. ओक तसाच उघडा ठेवायचे, तो उन्हापावसात रुपेरी राखाडी होतो. लाकडाला काळं फासून भिंत पांढरीफेक करायची, ही व्हिक्टोरियन काळात बोकाळलेली फॅशन. आपण जे 'अस्सल जुनं' म्हणून बघतो ते एकोणिसाव्या शतकातल्या लोकांच्या डोक्यातलं जुनं.

खडूस

सगळं ठीक आहे, पण इंग्रजांच्या हवेल्यांचं एवढं कौतुक करताना पैसा कुठून आला ते विसरू नका. आपल्याकडून लुटून नेलेल्या पैशांवर उभी आहेत ही घरं.

मोडीवाचक

खडूस, मुद्दा बरोबर, घर चुकलं. मोर्टन हॉल पुरा होत होता तेव्हा, १६१० मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळून दहाच वर्षं झाली होती. आणि कंपनी इकडे गब्बर झाली तेव्हा मोर्टन कर्जात होते. इथे लुटलं असेल तर शेजारच्या मठांना.

तुम्ही म्हणताय तशी घरं हवी असतील तर भरपूर आहेत. बर्कशायरमधलं बॅसिल्डन पार्क बघा. कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये माया जमवून परतलेल्या फ्रान्सिस साइक्सने १७७६ पासून बांधायला घेतलं. ग्लॉस्टरशायरमधलं सेझिनकोट तर बाहेरूनच मोगल : डोक्यावर तांब्याचा घुमट, छत्र्या. १८०५ च्या सुमाराचं, मालक चार्ल्स कॉकरेल, कंपनीचाच माणूस. आणि अगदी मोर्टन हॉलचा भाऊ शोभावा असं काळं-पांढरं लाकडी घर लिव्हरपूलजवळ आहे, स्पीक हॉल. तेही सोळाव्या शतकातलं, तेही एका घराण्याचं, तेही पुढे मोडकळीला आलं. १७९५ मध्ये ते रिचर्ड वॉटने विकत घेतलं. त्याचा पैसा जमैकातला, गुलामांच्या घामाचा. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये स्वतःच्याच मालमत्तांचा असा ताळेबंद छापला, त्यात वसाहती किंवा गुलामगिरीशी धागा असलेल्या ९३ जागा होत्या. त्यावरून तिकडे केवढा गदारोळ झाला! म्हणजे शेजारी शेजारी, एकाच वळणाची दोन घरं. एक दारिद्र्याने वाचलं, दुसरं साखरेच्या पैशाने. बाहेरून बघून कळत नाही.

खडूस

मान्य. स्पीक हॉलचं माहीत नव्हतं.

चहाबाज

खडूसने 'मान्य' लिहिलंय. धागा जतन करा.

मोडीवाचक

आता 'मॅनर' या शब्दाबद्दल (अशा घरांना इंग्रजीत मॅनर हाउस म्हणतात), कारण वर कुणीतरी हवेली म्हणालं. मॅनर म्हणजे नुसतं घर नव्हे. मालकाची खाजगीतली जमीन, कुळांची जमीन, गायरान, दळणाची चक्की आणि एक छोटं न्यायालय, मिळून मॅनर. घर हे त्याचं ठाणं. कुळाचा हक्क मॅनरच्या दफ्तरात लिहिला जाई आणि कुळाला त्याची नक्कल मिळे. ती नक्कल हाच त्याचा सातबारा. (कढीलिंबताई, हे तुमच्या सासऱ्यांना नक्की सांगा.) कित्येक ठिकाणी कूळ मेलं की त्याच्या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालक घेऊन जाई. ही नकलेची कुळवहिवाट १९२२ च्या कायद्याने मोडली, अंमल १९२६ पासून. म्हणजे टिळक गेल्यानंतर!

आणि मॅनरचा आपल्याशी एक भलताच संबंध आहे. चार्ल्स दुसरा याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदणात मिळाली. त्याने ती २७ मार्च १६६८ च्या सनदेने कंपनीला देऊन टाकली, वर्षाला १० पौंड भाड्याने, तेही सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचं. त्या सनदेत लिहिलंय की मुंबई ही केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरचा भाग समजून धारण करावी! इंग्रज वकिलांना समुद्रापारची जमीन कुठल्या खात्यात टाकावी ते कळेना, म्हणून राजाच्या हातातल्या एका मॅनरला जोडून मोकळे व्हायचे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचंही तेच केलं होतं. तर कागदोपत्री माहीम, माझगाव, परळ ही ग्रीनिचची वाडी.

रानमेवा

दादरच्या भावाला सांगितलं. म्हणतो, मग मेंटेनन्स तिकडेच पाठवा.

पाणकावळा

मी वाचनमात्र असतो, पण मोर्टन हॉल माझा फार आवडता म्हणून खाली चार ओळी.

सुतारपक्षींनी ज्या लांब दालनाची हजेरी घेतली त्याच्या दोन टोकांना, वर त्रिकोणी भिंतीवर, गिलाव्यात काढलेल्या दोन रंगीत स्त्रिया आहेत. एकीच्या हाती दैवाचं चाक, आणि सोबत लिहिलंय की त्यावर सत्ता अज्ञानाची. दुसरीकडे नियतीचा गोल, त्यावर सत्ता ज्ञानाची. ही चित्रं रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५६ च्या खगोलशास्त्रावरच्या पुस्तकातून उचललेली आहेत. रेकॉर्ड कोण? ज्याने पुढच्याच वर्षी बरोबरचं चिन्ह (=) वापरात आणलं तो! चेशायरच्या शेतांमध्ये, दलदलीच्या काठी राहणाऱ्या जमीनदाराने गणितज्ञाच्या पुस्तकातलं चित्र भिंतीवर काढून घ्यावं, हे मला त्या वाकड्या जमिनीपेक्षा जास्त नवलाचं वाटतं. (दलदल मी पदरची घातली नाही. मोर्टन या नावाचाच अर्थ दलदलीपाशी असलेली वस्ती.)

हे दालन होतं पावसाळी हवेत येरझाऱ्या घालायला आणि खेळायला. तिथल्या भिंतींवरच्या लाकडी फळ्यांच्या मागे चार टेनिसचे चेंडू सापडले, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे.

सामानसुमानातलं मात्र काही राहिलं नाही. मूळच्या फक्त तीन वस्तू आहेत : जेवणाचं लांब मेज, खणाखणांचं एक कपाट, बहुधा मसाल्यांचं, आणि एक मोठं गोल मेज. गोल मेजाची नोंद १५९९ च्या यादीतही सापडते.

अवांतर : संडास थेट खंदकात मोकळे होत. खंदक शत्रूसाठी खणला नव्हता, प्रतिष्ठेसाठी होता. पण या व्यवस्थेनंतर शत्रू तसाही आला नसता.

चहाबाज

खंदकाकाठी सहल करणाऱ्यांनी वरील प्रतिसाद वाचू नये.

गोदाकाठ

वाचतोय सगळं. कढीलिंबताईंच्या एका वाक्यावर अडलोय : मालकांकडे पैसे उरले नाहीत म्हणून घर टिकलं.

नाशकात जुन्या भागात आमचा वाडा आहे. दोन चौकी होता, आता एक चौक. सागवानी खांब, कडीपाट, खाली दगडी जोतं. आमच्याकडेही पैसे नाहीत. तरी वाडा टिकत नाहीये. उलट रोज थोडा थोडा जातोय. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत गेली. बिल्डर दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो. सातबाऱ्यावर, म्हणजे आमच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, २३ नावं आहेत. त्यातले चार अमेरिकेत, एक काका बोलत नाहीत, दोघं वारले आणि त्यांच्या वारसांची नावं लागायची आहेत. कौल बदलायचं तर वर्गणी कुणी काढायची यावर दोन वर्षं गेली. मग गरिबीने त्यांचं घर वाचलं आणि आमचं का नाही?

कढीलिंब

गोदाकाठ, खरंय. मी ते वाक्य जरा सोपं करून टाकलं.

तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यांच्याकडे वाटण्या नव्हत्या." तलाठी माणूस, बरोबर नस पकडली. इंग्लंडात मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जायची, ही रीत १९२५ च्या कायद्यापर्यंत चालली. धाकट्यांनी चर्चमध्ये जा, सैन्यात जा, बोटीवर जा. त्या धाकट्यांच्या दृष्टीने तो अन्यायच. पण घराच्या बाबतीत बोलायचं तर कर्ज असो, पडझड असो, सही एकाचीच लागायची. एलिझाबेथकडे घर आलं तेही बहिणीच्या मागे, एकटीकडे. तिने 'विकायचं नाही' लिहिलं आणि ते चाललं. २३ जणांनी लिहायचं म्हटलं असतं तर?

दुसरं म्हणजे, घर कधी पूर्ण रिकामं नव्हतं. १८४१ पासून डेल नावाचं शेतकरी कुटुंब तिथे भाड्याने होतं, ते शंभर वर्षांहून जास्त. बिशपच्या काळात तिकिटाचे पैसे तेच गोळा करत, घर तेच फिरवून दाखवत, आणि ट्रस्टकडे गेल्यावरही १९५५ पर्यंत राखण त्यांचीच. (खिडकीवाला सुतार डेल आणि हे डेल, आडनाव एक आहे. नातं मी जोडत नाही.) रोज चूल पेटत होती, कौलातून पाणी आलं तर कुणाच्या तरी अंथरुणावर पडत होतं. प्रार्थनामंदिरात कोळसा भरला हे वाईटच, पण कोळसा भिजू नये म्हणून कुणीतरी छपराकडे बघत असेल ना?

खडूस

म्हणजे घर वाचवायचं तर भाडेकरू ठेवा. पुण्यातल्या वाडामालकांना हे सांगून बघा, आणि लांब उभे राहून सांगा.

गोदाकाठ

हाहा. आमच्याकडे एक भाडेकरू आहेत, १९६८ पासून. भाडं महिना ४५ रुपये. पण खरं सांगतो, त्यांच्या दोन खोल्यांचंच छप्पर शाबूत आहे. पावसाळ्याआधी स्वतः चढून कौलं फिरवतात.

सुतारपक्षी, एक विचारायचं होतं. मधल्या माजघरावरची मोठी तुळई मध्यात झुकली आहे, चार बोटं तरी. एक कंत्राटदार म्हणतो सगळं काढून लोखंडी गर्डर टाका. वाकली म्हणजे गेली का?

सुतारपक्षी

नाही. वर मोर्टन हॉलची एवढी कहाणी त्यासाठीच सांगितली. वाकणं आणि कुजणं वेगळं. चार बोटं शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू आली असतील तर लाकडाने ओझं आपलंसं केलंय. मी मध्याकडे बघतच नाही, टोकांकडे बघतो. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल धरते, हवा लागत नाही, आणि वाळवीही तिथूनच येते. इंग्लंडातही घरं मधून कमी आणि टोकाला, पायथ्याला जास्त कुजतात.

कंत्राटदाराला दहा दिवस थांबवा. दोन्ही टोकांपाशी गिलावा थोडा खरवडा आणि जाड टोकदार काहीतरी, पेचकस चालेल, लाकडात जोर लावून टोचा. किती आत जातं ते मोजा. आणि गेल्या पावसाळ्यात पडलेली भिंत याच तुळईखालची होती का, तेही सांगा. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

गोदाकाठ

भिंत ती नव्हती, मागची होती. रविवारी बघतो.

चहाबाज

आमचंही लक्ष रविवारकडे.

गोदाकाठ

पूर्वेकडचं टोक : अर्धा सेंटिमीटरही गेलं नाही, पेचकसच वाकला. पश्चिमेकडचं, मोरीच्या भिंतीचं टोक : मुठीपर्यंत गेलं. आतून भुसा आला. सोबत भाडेकरू काका होते, त्यांनी टॉर्च धरला होता. फोटो पाठवलेत.

सुतारपक्षी

पाहिले. मोरीची गळती आधी बंद करा, बाकी सगळं त्यानंतर. तुळई काढायची गरज दिसत नाही. कुजलेलं टोक निरोगी लाकडापर्यंत कापायचं आणि जुन्या सागाचा तुकडा तिरका सांधा करून जोडायचा, खालून तात्पुरते टेकू देऊन. तिकडे जुन्या ओकला नवा ओक असाच जोडतात, नवा तुकडा मुद्दाम ओळखू येईल असा ठेवतात. मात्र हे फोटोवरून सांगतोय. टेकू लावण्याआधी तिथल्या एखाद्या जाणत्या इंजिनिअरने प्रत्यक्ष बघायलाच हवं. वाड्यांची कामं केलेला सुतार नाशकात मिळेल का?

गोदाकाठ

भाडेकरू काकांचे मेव्हणे आहेत, पंचवटीत. वय ७४. उद्या बोलावलंय. २३ पैकी ९ जणांनी व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवलाय, काकांनी मेसेज वाचलाय.